कामाचा कपडा

"कामाचा कपडा उंबऱ्याच्या आत न्यायचा न्हाई, बेटी. घरातली बरकत जाती."

दिलावर चाचांनी हे सांगितलं तेव्हा वर्षाराणी हसली होती. तोंडावर नाही, वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर हसण्यातली ती नव्हे. "बरं चाचा," म्हणाली आणि हसू पोटात ठेवून दिलं. बीडच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई. बरकत कपड्याला चिकटून येते-जाते, हे तिनं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

चाचा म्हणजे नेकनूरच्या बाजारगल्लीतले खरादी. फिरत्या लेथवर लाकूड धरायचं, हत्यार लावायचं आणि त्याला गोलाई आणायची, हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. लाटणी, ताकाच्या रव्या, पाळण्याचे खांब, बाजेचे पाय. एके काळी लग्नसराईत दुकानाबाहेर बैलगाड्या थांबायच्या म्हणे. मग लोखंडी पलंग आले, पाळणे प्लॅस्टिकचे झाले आणि लोक ताक मिक्सरमध्ये घुसळायला लागले. चाचांचं दुकान मात्र रोज नऊला उघडायचं. दाराबाहेर भिंतीत एक खुंटी होती. संध्याकाळी चाचा तिथं उभं राहून अंगातला भुश्शानं माखलेला सदरा काढायचे, दोनदा झटकायचे, खुंटीला अडकवायचे, रांजणातलं पाणी हातातोंडावर मारायचे आणि बनियनवर तीस पावलं चालून घरी जायचे. थंडीतसुद्धा. गल्लीतली पोरं त्यांच्या त्या कुडकुडत्या चालीची नक्कल करायची.

वर्षाराणी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेली ती सासूबाईंची मोडकी रवी घेऊन. रवी दुरुस्त होईस्तोवर ती दारात उभी राहिली आणि लाकडातून निघणाऱ्या कुरळ्या सालींकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, फोनमधला एक फोटो घेऊन. लाकडी पेन होतं.

"चाचा, असलं होईल का?"

चाचांनी फोन हातभर लांब धरला. "होईल की. पन लोक तर बोटानंच लिव्हत्यात आता, फोनवर. ह्यानं लिव्हनार कोन?"

"लिहिणारे नाही घेत. हौसेचे घेतात."

"मंग लई झालं. हौशेला मरन न्हाई."

धारूरच्या डोंगराकडून आलेल्या सीताफळाच्या एका वाळक्या फांदीवर तिनं हात बसवला. चार पेनं फुटली, पाचव्यानं लिहिलं. तिचा नवरा प्रविण बीडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होता. सकाळी सातच्या बसनं जायचा. पाचवं पेन त्यानं खिशाला लावून नेलं आणि संध्याकाळी दोघा गिऱ्हाइकांची मागणी घेऊन आला. मग एक छोटी लेथ आली. ती ठेवली चाचांच्या दुकानात, कोपऱ्यात. घरी जागा नव्हती असं नाही, पण घरात नंदू होती.

नंदू म्हणजे राजनंदिनी, अकरा महिन्यांची. ह्या पोरीच्या बाबतीत वर्षाराणी कशी होती ते एकदा सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती पाणी दोनदा उकळायची. वाटी-चमचा उकळायची, खुळखुळा उकळायची. एकदा सासऱ्यांच्या फोटोपुढचा अष्टगंध नंदूच्या बोटाला लागला तर बोट उकळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पोरगी झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. एक वही होती तिची: दूध किती, शी कशी, शिंका किती. सासूबाई, केसरबाई, ती वही बघून म्हणायच्या, "आमी पाच लेकरं वाढविली, एकाचीबी हजेरी घेतली न्हाई." पण म्हणत म्हणतच वहीतली पेन्सिल टोक करून ठेवायच्या.

मागच्या हिवाळ्यात एक मोठी मागणी आली. इंजिनिअर झालेली एक जुनी बॅच पंचवीस वर्षांनी भेटणार होती. त्यांना प्रत्येकाला एक, अशी चोवीस पेनं हवी होती, आणि ती कार्बन फायबरची. विमानाला, शर्यतीच्या गाड्यांना वापरतात तो पदार्थ. पुण्याहून कुरिअरनं कांड्या आल्या. बोटाएवढ्या जाड, काळ्याभोर. आत काळ्या धाग्यांची चटईसारखी वीण आणि तिच्यावर काचेसारखा पारदर्शक थर ओतलेला. उन्हात फिरवली की वीण एकीकडून काळी, एकीकडून चंदेरी दिसायची.

चाचांनी एक कांडी नखानं वाजवली. "लाकूड न्हाई, लोखंड न्हाई, दगड न्हाई. ह्याची जात कोन्ती?"

"धागा आहे चाचा. भट्टीत जाळून कोळसा केलेला धागा."

"कोळशाचं पेन," चाचा म्हणाले. "आन् मानसं शिकलेली."

कांडीला आरपार भोक पाडायचं, आत पितळी नळी चिकटवायची, ती लेथवर चढवून हत्यारानं आकार द्यायचा, मग पॉलिश पेपर, जाडापासून बारीकपर्यंत, हाताला काचेसारखं लागेस्तोवर. लाकडाचंच काम, पण लाकूड साल देतं आणि हे देत होतं काळी राख. पिठासारखी, हलकी, फुंकरीनं उडणारी. चाचांनी चिमूटभर राख बोटात चोळली आणि लगेच बोट सदऱ्याला पुसलं. तेव्हाच त्यांनी ती बरकतीची गोष्ट काढली होती.

कांड्यांबरोबर एक कागद आला होता. काम करताना मास्क लावा, असं त्यात लिहिलेलं. वर्षाराणीनं तो कागद शब्द न् शब्द वाचला आणि पाळलासुद्धा, आपल्या पद्धतीनं. आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजच्या मुलीला विचारा: तोंडाला स्कार्फ बांधायचा कसा, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. तीन घड्या, डोक्यामागून एक वेढा, कानाशी खोच, डोळे तेवढे उघडे. धूळ, ऊन आणि टवाळ पोरं, तिन्हींवर एकच इलाज. कॉलेजची तीन वर्षं ती बसस्टँडवरून अशीच गेली-आली होती. तिचा तो आकाशी सुती स्कार्फ होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. तो बांधून ती कामाला बसायची. नाकात राख गेली नाही. कागदात जे लिहिलं होतं ते तिनं केलं होतं.

घरी आली की कोपरापर्यंत साबण, वीस मोजेपर्यंत. ड्रेस लगेच बदलून बादलीत. मगच लेकरू. फक्त स्कार्फ बादलीत जायचा नाही, कारण स्कार्फशिवाय नंदू झोपायची नाही. त्याला आईचा वास होता. झोळीत तो गालाशी दिला, एक टोक मुठीत दिलं, की पोरगी दोन हेलकाव्यांत डोळे मिटायची. धुतला तर वास जाईल म्हणून तो आठवड्यातून एकदाच पाण्यात पडायचा. त्या घरात न उकळलेली वस्तू तेवढी एकच होती.

काम सुरू होऊन चारपाच दिवस झाले आणि नंदूच्या मानेवर लाल टिपके उठले. मग गालावर. मग मनगटावर. सुई टोचल्यासारखे, बारीक. पोरगी गाल खांद्याला घासायची, डोळे मुठीनं चोळायची आणि कळवळून रडायची. रडायला लागली की वर्षाराणी तिला झोळीत घालायची आणि स्कार्फ द्यायची. क्षणभर गप्प व्हायची, मग आणखी जोरात.

केसरबाईंनी मानेला हात लावून बघितला. "बिब्बा उतल्यावानी दिसतंय. कुनी बिब्बा हाताळला का घरात?"

"नाही आत्या." सासूबाईंना ती आत्याच म्हणायची.

"मंग नजर हाय. त्या परवाच्या बाईनं कावून म्हनलं, लेकरू लई गोरं हाय म्हनून?"

मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत गेल्या. टिपके राहिले. वर्षाराणी दृष्टीवर विश्वास ठेवणारी नव्हती, पण चुलीत मोहऱ्या तडतडल्या तेव्हा ती मोजत उभी होती.

बीडच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. गोवर नाही, कांजिण्या नाहीत. "काहीतरी टोचतंय किंवा चावतंय," ते म्हणाले. "घरात नवीन काय आलंय? साबण, लोकर, ढेकूण? शोधा." मलम दिलं आणि एक वाक्य जोडलं: "डोळ्याकडे लक्ष ठेवा. चोळू देऊ नका."

ते शेवटचं वाक्य घेऊन ती बसमध्ये बसली. डोळा. त्यानंतर तिला दुसरं काही दिसेना. साबण बदलला. लोकरीची टोपी पेटीत गेली. बाज उन्हात टाकून उकळतं पाणी ओतलं. ढेकूण निघाला नाही. अंडं बंद, केळं बंद, दूध सोडून सगळंच बंद. वहीत नवीन रकाना आला: टिपके. सोमवारी जास्त, मंगळवारी जास्त, रविवारी कमी. रविवारी प्रविण घरी असतो म्हणून नंदू खूश असते, असं तिनं त्याचं कारण लिहिलं. रविवारी चाचांचं दुकान अर्धा दिवसच उघडं असतं आणि ती तिकडे जातच नाही, हे त्या वहीत कुठंच नव्हतं. तिच्या स्वतःच्या हनुवटीलाही खाज होती. ते घामोळं, असं तिनं ठरवून टाकलं, थंडीचे दिवस असून.

काम सुरू झाल्याच्या अकराव्या दिवशी नंदूचा उजवा डोळा लाल झाला. प्रविण कामावर गेलेला. त्याला फोन केला, तो म्हणाला, "मी सुट्टी टाकतो, दुपारच्या बसनं येतो, मग परत डॉक्टरांकडे जाऊ." बसला तीन तास होते. केसरबाई म्हणाल्या, "लेकराचं दुखनं पायात घुटमळतंय आन् तुजी पेनं काय पळून चाललीत का? पैलं ते बंद कर." त्या रागानं बोलल्या नव्हत्या, पण वर्षाराणीला ते रागाचं लागलं, कारण तिच्या मनात तेच चाललं होतं. काम हीच चूक. लेकराजवळ बसायचं सोडून आपण रोज दोन-तीन तास दुकानात जातो, म्हणून हे.

ती उठली. स्कार्फ डोक्यावरून घेतला, नंदूला कडेवर घेतलं, उन्हात तिच्या डोळ्याला त्रास नको म्हणून स्कार्फचं टोक तिच्या तोंडावर ओढलं, आणि बाजारगल्लीकडे निघाली. चाचांना सांगायचं होतं, की लेथ विकून टाका, कांड्या परत पाठवते.

चाचा लाटणं उतरवत होते. ती दारात दिसताच त्यांनी लेथ बंद केली. कारण लेकरू घेऊन ती दुकानात कधी आलीच नव्हती.

"चाचा, मी आता येणार नाही. तुम्ही ती लेथ..."

चाचा तिच्याकडे नाही, नंदूकडे बघत होते. पोरगी स्कार्फखाली गाल घासत होती. घासायची, रडायची, पुन्हा तेच टोक मुठीत धरून तोंडाशी न्यायची.

"ही वढनी कोन्ती?" चाचांनी विचारलं.

"कुठली? ही? माझीच."

"कामाला बांधती, तीच?"

"हो. तिला वास लागतो माझा. त्याशिवाय..."

"काढ," चाचा म्हणाले. "हळू. झटकू नको. आदी लेकराला तिकडं कर."

ते बोलले इतक्या हळू की तिच्या अंगावर काटा आला. तिनं स्कार्फ दोन बोटांनी उचलून त्यांच्या हातात दिला. दुकानाच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप आत यायची. चाचांनी स्कार्फ त्या तिरिपेत आडवा धरला आणि खालून टिचकी मारली.

उन्हात काळे-चंदेरी कण उडाले. धूळ उडते तसे नाहीत. चमकत, आडवे-उभे, सुयांसारखे. चाचांनी गल्ल्यातून भिंग काढलं, लाकडातली बारीक चीर बघायचं, आणि तिच्या हातात दिलं. आकाशी सुतात, विणीच्या प्रत्येक फटीत, केसाहून बारीक काळी कुसळं उभी होती. गव्हाच्या ओंबीत हात घातल्यावर टोचतात ना, तशी. फक्त ही डोळ्याला न दिसणारी. अकरा दिवस ती राख नाकात जाऊ न देता तिनं स्कार्फमध्ये गोळा केली होती, आणि रोज घरी नेऊन लेकराच्या गालाशी दिली होती.

तिला रडू फुटलं.

"रडाया मागून बस," चाचा म्हणाले. "आदी काम. चिकटपट्टी हाय का, खोक्याला लावायची?"

होती. पेनांची खोकी बंद करायची रुंद चिकटपट्टी, तिच्याच कोपऱ्यात. चाचांनी हात धुतले, सदरा काढून बाहेर खुंटीला टाकला, पुन्हा धुतले. पट्टीचा तुकडा तोडून त्याचा नवा चिकटपणा आधी स्वतःच्या मनगटावर दोनदा लावून कमी केला, म्हणजे लेकराची कातडी ओढली जायची नाही. मग ती पट्टी नंदूच्या मानेवर हलकेच टेकवली आणि उचलली. पट्टीवर चार काळ्या रेघा आल्या.

"लाकडाची बारीक फास बोटात घुसली का आसंच काढतो आमी. चोळायचं न्हाई. ऊन पानी लावायचं न्हाई. डोळ्याला तर हातच न्हाई लावायचा, तो डागदरच बघंल."

गाल, मान, मनगटं. अर्धा तास लागला. बीबीजान, चाचांची घरवाली, आवाज ऐकून आली आणि काही न विचारता नंदूपुढं बांगड्या वाजवत बसली. "ही बघ, ही बघ, तुजी आज्जी," असं म्हणत तिनं मनगटं इतकी नाचवली की पोरगी रडता रडता थांबून बघायला लागली. वर्षाराणी पट्टीचे तुकडे एका कागदावर ओळीनं लावत होती, डॉक्टरांना दाखवायला. बीबीजानचा धुतलेला, उन्हाचा वास येणारा दुपट्टा नंदूभोवती गुंडाळून ती घरी परतली तेव्हा पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदा शांत, आणि स्कार्फशिवाय.

दुपारी प्रविणबरोबर बीडला गेल्यावर डॉक्टरांनी तो कागद दिव्याखाली धरला आणि म्हणाले, "हेच. शोधलंत कुणी?" डोळा त्यांनी धुतला, औषध घातलं. आत काही रुतलेलं नव्हतं. नुसती चोळून लाली आलेली. "आणखी आठ-दहा दिवस असंच चाललं असतं तर डोळा ठीक आहे, असं मी बोललो नसतो," एवढं मात्र ते म्हणाले. बाहेर आल्यावर प्रविण बाकड्यावर बसला आणि कितीतरी वेळ नंदूचा पायच हातात धरून बसला. वर्षाराणीला वाटलं होतं, तो काहीतरी बोलेल, तिनं ऐकून घ्यायची तयारी केली होती. तो म्हणाला, "चल, चहा घेऊ. तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

केसरबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या उठून आत गेल्या. वर्षाराणीला वाटलं रागावल्या. त्या बाहेर आल्या त्या आपलं जुनं इरकली लुगडं घेऊन. पदराकडचा मऊ तुकडा फाडला, खळखळ उकळून वाळत टाकला. "आता थोडे दीस आजीचा वास घे म्हनावं," त्या म्हणाल्या. "तुज्या आईचा वास लई टोचतोय." मग सुनेकडे बघून थोड्या वेळानं, "आगं, मी बी ती वढनी रोज तिच्या उशाला ठेवली की. मला तरी कुठं दिसलं?" असं म्हणून त्यांनी अर्धी चूक आपल्याकडे ओढून घेतली. ते ओझं अर्धं झालं, हे वर्षाराणी अजून विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी केसरबाईंनी धपाटे आणि दही बांधून दिलं. ते घेऊन ती दुकानात गेली. रस्ताभर ती एका वाक्याची वाट बघत होती: मी सांगितलं होतं ना. चाचांनी धपाटा तोडला, दह्यात बुडवला, खाल्ला. ते वाक्य आलंच नाही. शेवटी तीच म्हणाली, "चाचा, तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मी कुठं सांगितलं? मी बरकत सांगितली," चाचा म्हणाले. "माझ्या बापानं मला बी तेवढंच सांगितलं. एकदा सदरा घालून घरात गेलतो तर कानाखाली दिली. कावून, ते इचारायची सोय नव्हती. त्यांना त्यांच्या बापानं सांगितलं आसंल. साठ वरीस मी सदरा भायेर काढतो, आन् कावून काढतो ते काल कळलं मला. तुज्या पोरीमुळं." त्यांनी दह्याची बोटं पुसली. "तू शिकलेली हायेस. तुला कारन पायजे व्हतं, माझ्याकडं कारन नव्हतं. चूक दोघांचीबी न्हाई आन् दोघांचीबी हाय."

"मी काम सोडते चाचा."

"काम कावून सोडती? कपडा सोड."

त्यांनीच मग सगळी मांडणी बदलली. लेथ दाराशी, उघड्यावर आली. वर सलाईनची रिकामी बाटली टांगून तिची नळी पॉलिश पेपरच्या जागी सोडली, थेंब थेंब. ओली राख उडत नाही, खाली ताटलीत चिखल होऊन बसते. वर्षाराणीनं दोन्ही बाजूंना गोल डबी असलेले रबरी मास्क मागवले, एक स्वतःला, एक चाचांना. बीबीजान चाचांकडे बघून म्हणाली, "या खुदा, टोळ दिसतोय." कामाचा ड्रेस दुकानात राहिला, खुंटीशेजारी दुसरी खुंटी ठोकून. उरलेली बारा पेनं वेळेत झाली. इंजिनिअरांनी फोटो पाठवले. टक्कल पडलेली, पोटं सुटलेली माणसं हातात काळी पेनं धरून शाळकरी पोरांसारखी हसत होती. नंदूचे गाल तोवर स्वच्छ झाले होते. एकही डाग राहिला नाही. वहीतला टिपक्यांचा रकाना पुढे रिकामाच गेला, आणि वर्षाराणी ती रिकामी पानं अधूनमधून उघडून बघते. दुसरं कुणी देवाचं पुस्तक उघडतं, तसं.

आता ती नेकनूरला राहत नाही. प्रविणच्या शोरूमनं गेवराईला नवी शाखा काढली, त्याची बदली झाली. लेथ तिकडे आली, घरामागं वेगळ्या पत्र्याखाली बसवली. केसरबाई बरोबर आहेत, नंदू चालते, बोलते, आणि धपाट्याला "पाटा" म्हणते.

निघायच्या आधी तिनं चाचांना बीडला नेऊन छातीचा फोटो काढायला लावला होता. ते खोकतात हे तिच्या लक्षात फार उशिरा आलं. आपल्याच लेकराच्या शिंका मोजण्यात शेजारच्या माणसाचा खोकला कानावर येऊन जात राहिला. डॉक्टर म्हणाले, साठ वर्षांचा भुस्सा आहे, जो गेला तो गेला, पुढचा जाऊ देऊ नका. चाचांनी मान डोलावली. मान ते चांगलीच डोलावतात. पण बीबीजान सध्या तलवाड्याला आहे, लेकीच्या, मुबश्शिराच्या, बाळंतपणाला, आणि चाचा एकटे आहेत. फोन लावला तर लेथच्या आवाजात ऐकू जात नाही. ऐकू गेला तर म्हणतात, "हाय बेटी, लावलाय, नाकावरच हाय," आणि मास्क लावलेल्या माणसाचा आवाज इतका मोकळा येत नाही, हे वर्षाराणीला चांगलं कळतं.

म्हणून तिचं एक मागणं आहे, आणि ही गोष्ट तुमच्यापर्यंत आली ती त्यासाठीच. तुम्ही बीडकडून नेकनूरला उतरलात, नाहीतर नुसते त्या वाटेनं चाललेले असलात, तर दहा मिनिटं काढा. बाजारगल्लीत खरादीचं दुकान विचारा, कुणीही दाखवील. लाटणं घ्यायच्या निमित्तानं आत डोकवा. मास्क नाकावर आहे का बघा. बहुतेक कपाळावर चढवलेला असेल. तसा असला तर काही बोलू नका, नुसतं म्हणा, वर्षाराणीनं पाठवलंय, आणि ते तो खाली ओढेपर्यंत तिथंच उभे राहा. खोकला कसा आहे तेवढं ऐका, जेवलेत का विचारा, आणि त्यांच्याच फोनवरून तिला कळवा.